आमच्याकडची शिक्षा

हरिशंकरपुरम, ग्वाल्हेर
७ ऑक्टोबर २०२४

श्री. गोपाळकृष्ण यांस,

आईच्या तेराव्याला मी शपथ घेतली होती की तुमच्याशी पुन्हा बोलणार नाही. ती शपथ मोडलेली नाही. लिहिणार नाही असं मी म्हटलं नव्हतं, म्हणून हे पत्र. सख्ख्या बहिणीने ‘श्री.’ लिहिलं आणि ‘तुम्ही’ म्हटलं, तर भुवया वर गेल्या असतील. जाऊ द्या.

काम असं आहे. माझी नात अवंतिका, शंतनूची मुलगी, सात वर्षांची, सध्या आईबापांजवळ नाही. तिकडच्या सरकारने तिला नेऊन दुसऱ्या एका घरी ठेवलं आहे. शंतनु राहतो त्या गावाचं नाव माझ्या तोंडात बसत नाही, म्हणून लिहीत नाही. थंड देश आहे, माणसं सभ्य आहेत, कायदे चांगले आहेत. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही, खरंच चांगले आहेत. त्यातच सगळा घोळ झाला.

अवंतिका सायकलवरून पडली. हातावर मोठा निळा डाग उठला. शाळेतल्या बाईंनी विचारलं तर ही गप्प. बाईंनी वर कळवलं, तसं कळवायचा तिथे नियम आहे. मग मुलांचं बघणाऱ्या ऑफिसातून दोन बाया घरी आल्या. तिथे बाहेरून आलेल्या प्रत्येक कुटुंबाला आपल्या भाषेत बोलायचा हक्क आहे, दुभाषी फुकट मिळतो. कागदावर मातृभाषेसाठी एकच चौकोन होता. शंतनूने ऐटीत लिहिलं, मराठी. तेव्हा फोनवर मराठी दुभाषी मिळाली. पुण्याकडची मुलगी आहे, चांगली शिकलेली.

बायांनी विचारलं, मुलगी शाळेतून आल्यावर घरी तुम्ही काय करता? आता मंजिरी, म्हणजे माझी सून, इथल्याच शिंद्यांच्या छावणीत वाढलेली. ती आपल्या मराठीत म्हणाली, “शाळेतून आली की आम्ही तिला घरी रोज शिक्षा देतो. गणिताची तिचे बाबा देतात, मराठीची मी देते. शिक्षेत आम्ही बिलकुल कमी पडू देत नाही, कितीही रडली तरी.”

त्या मुलीने हे सगळं इमानदारीने तिकडच्या भाषेत सांगितलं. बायांनी एकमेकींकडे बघितलं आणि भराभर लिहून घेतलं. मंजिरीला वाटलं, बाया खूश झाल्या.

त्याच संध्याकाळी अवंतिकेला घेऊन गेले.

तुम्हाला हसू आलं असेल तर हसून घ्या, मी थांबते. माझं म्हणणं एवढंच आहे की आमच्याकडे शिक्षा म्हणजे शिकवणं. ज्याला तुम्ही शिक्षा म्हणता त्याला आम्ही सजा म्हणतो. इथे शाळेच्या पाटीवर, सरकारी हुकमात, मास्तरांच्या तोंडी सगळीकडे शिक्षाच आहे. मी स्वतः रिटायर होईपर्यंत शिक्षा विभागात नोकरी केली. तुमच्या हिशोबाने मी जन्मभर दंड विभागात होते.

शंतनूने ऑफिसचे चक्कर लावले, सगळं समजावलं. दुभाषी म्हणते, माझं काही चुकलं नाही, कोश बघा. तिने दाखवला तो कोश तुमचा निघाला. तुमच्या विद्यार्थी-कोशात लिहिलं आहे: ‘शिक्षा: दंड, शासन.’ बस, पुढे काही नाही. त्या मुलीला मी दोष देत नाही. तिच्या गावी तोच अर्थ आहे.

सरकारने शंतनूला एक वकीलबाई दिली आहे. ती म्हणते, जाणकाराचं लेखी मत पाहिजे. डिसेंबरात सुनावणी आहे. तिथे ठरेल की पोर घरी येणार का मोठी होईपर्यंत दुसऱ्यांकडे राहणार. मराठीचा जाणकार म्हणून लोक तुमचं नाव घेतात. तेव्हा दोन ओळी लिहून द्याव्यात. नाही दिल्यात तर मला त्यात काही नवीन वाटणार नाही.

इंदु


ग्वाल्हेर
२२ ऑक्टोबर २०२४

श्री. गोपाळकृष्ण यांस,

तुमचं उत्तर मिळालं. छापील कागदावर, सहीशिक्क्यासकट. तत्परतेबद्दल आभार. पत्राच्या शेवटी ‘चक्कर लावले नव्हे, खेपा घातल्या’ अशी माझी सुधारणा केलीत, तीही मिळाली. नात दुसऱ्याच्या घरी झोपते आहे आणि हे खेपा मोजतायत.

तुम्ही लिहिलंत: ‘शिक्षण या अर्थी शिक्षा हा हिंदीच्या संसर्गाने आलेला अशुद्ध प्रयोग असून मराठीत तो ग्राह्य नाही.’ संसर्ग! म्हणजे आम्हाला जसा खोकला झाला आहे. अहो, आपले पूर्वज शिंदे सरकारांबरोबर इथे आले, पिढ्या गेल्या. शेजारणीकडून कोथिंबीर मागायची तर ती हिंदीतच मागावी लागते. तुम्ही पण मागितली आहे, निकर घालून, वाटी हातात घेऊन.

शंतनूने तुमचा कागद भाषांतर करून वकीलबाईला दाखवला. तिने तो परत दिला. म्हणाली, हा कोर्टात ठेवला तर आपण हरू. कारण मोठा विद्वान लिहून देतोय की मराठीत या शब्दाचा तसा अर्थ होतच नाही. समोरचे म्हणतील, मग आई आता बात बदलते आहे. तिला अशुद्ध-शुद्धशी मतलब नाही. तिला एवढंच पाहिजे की या लोकांच्या बोलीत हा शब्द या अर्थाने चालतो, पहिल्यापासून चालतो, आणि ती बाई खरं बोलली.

म्हणजे एक शब्द तुम्हाला काढायचा आहे. ‘अशुद्ध’. तो गेला की ‘ग्राह्य नाही’ पण आपोआप जाईल. बाकी कागद चालेल.

आता तिथलं सांगते, म्हणजे घाई का आहे ते कळेल. आईबापांना आठवड्यातून एकदा अवंतिकेला भेटू देतात. खोलीत खेळणी असतात आणि एक बाई कोपऱ्यात बसते. नियम असा की त्या बाईला समजेल त्याच भाषेत बोलायचं. म्हणजे चौकशीच्या वेळी आपल्या भाषेचा हक्क आणि पोरीला जवळ घेताना मनाई. मी शंतनूला विचारलं, हे दोन्ही नियम एकाच ऑफिसचे आहेत का? तो म्हणाला, आई, एकाच बिल्डिंगमधले.

मंजिरीला तिकडची भाषा दुकानापुरती येते. दूध, बस, थंडी, धन्यवाद. त्यात ती पोरीशी काय बोलणार? मागच्या वेळी ती तासभर “थंडी आहे ना? दूध प्यायलीस?” एवढंच फिरून फिरून विचारत राहिली. निघताना अवंतिका हळूच बोलली, “आई, मैं घर कब आऊंगी?” ही पोर घाबरली की हिंदीत जाते, आपली सगळीच जातात. त्या बाईने लगेच टोकलं. शंतनूने मला हे फोनवर सांगितलं. मग दोघांनी फोन तसाच धरून ठेवला.

एक शब्द काढायला किती दिवस लागतात ते कळवावं.

इंदु


ग्वाल्हेर
१० नोव्हेंबर २०२४

दादा,

‘तुम्ही’ लिहायचा कंटाळा आला. भांडायचं असेल तर ‘तू’च बरं पडतं.

तुझं दुसरं पत्र भाऊबीजेला पोचलं. पोस्टमनला काय ठाऊक, तो म्हणाला, “माताजी, भाईदूज पे भाई की चिट्ठी!” मी त्याला मिठाई दिली. मग आत येऊन वाचलं. तू लिहितोस की शास्त्राशी तडजोड करता येणार नाही, आणि ग्वाल्हेरीत हा अर्थ जुना असल्याचा लेखी, छापील पुरावा असेल तर विचार करशील.

छान. पुरावा सोबत पाठवते आहे. बसून वाच.

तो मिळाला शिंद्यांच्या छावणीत, महिपतरावांकडे. बिर्लानगरच्या मिलमध्ये होते ते, मिल बंद झाल्यापासून मराठी मंडळाचं बघतात. मी त्यांच्याकडे गेले होते की चार म्हाताऱ्या माणसांचं बोलणं रेकॉर्ड करून पाठवू. ते म्हणाले, “ताई, रेकॉर्ड कशाला? छापलेलं आहे माझ्याजवळ.” आणि आतून एक दिवाळी अंक घेऊन आले. पुण्याचा. १९८७ सालचा. पान उघडलं तर तुझा लेख. ‘बिघडलेल्या मराठीचे मासले.’

विसरला नसशील. त्या लेखाने तुझं नाव झालं. ‘माझ्या परिचयाच्या एका ग्वाल्हेरी माउलीची’ म्हणून तू जी वाक्यं छापलीस, ती सगळी आपल्या आईची होती. सहावं वाक्य बघ. ‘दोघांना पूरी शिक्षा दिल्याशिवाय मी डोळे मिटायची नाही.’ आणि त्याच्याखाली कंसात तुझे शब्द: ‘वाचकहो, घाबरू नका, माउलीला शिक्षण म्हणायचे आहे!’

हे तूच लिहिलं आहेस, दादा. अर्थासकट. तेव्हा लोकांना हसवायला सांगितलंस, तेच आता शपथेवर सांग.

महिपतरावांनी अंक का ठेवला ते पण ऐक. त्यांना तेव्हा फार राग आला होता. संपादकाला त्यांनी चार पानी पत्र लिहिलं. पण धाडलं नाही, कारण त्यातली मराठी शुद्ध आहे की नाही याचा भरोसा वाटेना. ते पत्र अंकातच होतं. मी वाचलं. चांगलं खणखणीत आहे, एकदोन वेलांट्या सोडल्या तर.

आता आईचं. आजपर्यंत मी तुला हे सांगितलं नव्हतं, कारण आपलं बोलणंच बंद होतं. तो अंक आला त्या वर्षापासून आई तुझ्यासमोर मोजकंच बोलायची. तू सुट्टीत आलास की ‘हो’, ‘नाही’, ‘जेवून घे’. म्हणायची, “गोपूपुढे तोंड उघडायचं म्हणजे परीक्षा देणं आहे.” शेवटच्या आजारात तू तीन दिवस तिच्या उशाशी बसलास. ती तुझ्याशी हाताने बोलली. पाणी दे, खिडकी लाव, पांघरूण घाल, सगळं हाताने. तू डॉक्टरला विचारायला गेलास की वाचा गेली का. तुझा टांगा वळला आणि आई मला म्हणाली, “इंदु, जरा चाय टाक, कडक.”

तिची वाचा गेली नव्हती. म्हणून मी तेराव्याला ती शपथ घेतली. तुला वाटलं मी घराच्या वाटणीवरून रुसले.

लेखाच्या पानांचे फोटो मी शंतनूला धाडले. वकीलबाई म्हणते, नुसता अंक चालणार नाही. ज्याने लेख लिहिला त्यानेच मागच्या महिन्यात उलटं लिहून दिलं आहे, आणि आता तो कागदही जोडावा लागेल. तेव्हा त्याने स्वतः सुनावणीत येऊन बोलायला पाहिजे, कंप्युटरवर, घरी बसून. शंतनु तारीख कळवेल. आलास तर ये, नाही तर हा अंक आणि महिपतरावांचं पत्र मला परत पाठव. ते त्यांना प्यारे आहेत.

इंदु


ग्वाल्हेर
१५ डिसेंबर २०२४

दादा,

या पत्राबरोबर गजकचा डबा पाठवते आहे. याला गजकच म्हणतात. तिळाची वडी म्हणालास तर परत मागवीन.

सुनावणीत मला बसू देणार नव्हतेच. मी सकाळपासून भाजी निवडत बसले, तीच मेथी दोनदा निवडली. पड़ोसच्या सुमनताई येऊन बसल्या होत्या. त्या देवीचं काहीतरी म्हणत होत्या, मी त्यांना गप्प बसवलं. दुपारी शंतनूचा फोन आला. त्याने सांगितलं ते लिहिते आहे, कमी-जास्त असेल तर तूच सुधार, तुझी हौस आहे.

म्हणे तू कोट घातला होतास. म्हणे जजबाईने पहिल्यांदा तुला तुझा कोश दाखवला आणि विचारलं, हा तुमचा ना? तू हो म्हणालास. मग ऑक्टोबरातला तुझा कागद दाखवला, हाही तुमचा? त्यालाही हो. मग १९८७ सालचा लेख दाखवला. तेव्हा तू चष्मा काढलास.

तिने विचारलं, मग दुभाषी चुकली का आई खोटं बोलते? तू म्हणालास, दोघींपैकी कोणी नाही. मुलीने पुण्याची मराठी बरोबर ऐकली आणि आई ग्वाल्हेरची मराठी बरोबर बोलली. चूक असेल तर कोशाची आहे, त्यात अर्धीच मराठी आहे.

हे शंतनूने मला तीनदा सांगितलं. मी तीनदा ऐकलं.

मग समोरच्या वकिलाने विचारलं ना, की तुम्ही पुण्यात राहता, तुम्हाला तिकडचं काय माहीत? तू म्हणालास, मी तिथला आहे. ती लेखातली बाई कोण, असं त्याने विचारलं. शंतनु म्हणतो, मामांनी चष्मा पुन्हा घातला. मग म्हणाले, “माझी आई. ती आम्हाला शिक्षा देत होती. शिक्षण नाही, शिक्षाच. तिने दिली म्हणून मी आज इथे बसलो आहे.” त्या दुभाषी मुलीनेच ते भाषांतर केलं.

आणखी एक. आवाज नीट जाईना तेव्हा तू कंप्युटरशी झगडत “रुको जरा, मी कोशिश करतोय” म्हणालास म्हणे. शंतनु इतकं झालेलं असताना हसला. मला म्हणाला, आई, मामा बिलकुल आपल्यासारखे बोलले.

निकाल यायचा आहे. मी तुझ्यावर खूश आहे असं समजू नकोस. पण गजक ताजी आहे, शिंद्यांच्या छावणीतून मुद्दाम आणली, तेवढी खा.

इंदु

ता. क. महिपतराव विचारतात, त्यांच्या पत्रात वेलांट्या किती चुकल्या? सांगू नकोस.


ग्वाल्हेर
१९ जानेवारी २०२५

दादा,

अवंतिका घरी आली. शंतनूने तुला कळवलंच असेल. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी तिला सोडलं, म्हणून इथे मी पुन्हा तिळगूळ केला आणि गल्लीत वाटला. ऑफिसने पत्रात दिलगिरी लिहिली आहे. पुढे मातृभाषेबरोबर कुटुंब कोणत्या प्रांतातलं आहे तेही विचारायचा प्रस्ताव आहे म्हणे. म्हणजे एक चौकोन वाढेल. चांगलं आहे. दुसऱ्या कोणाच्या कामी येईल.

मला वाटलं होतं, आता हे पत्र आनंदाचं लिहीन.

काल व्हिडिओवर बघितलं. पोर अंगाने भरली आहे, केस कापलेत. तिकडची भाषा अशी फाडफाड बोलते की शंतनुसुद्धा दोनदा ‘काय?’ विचारतो. मला बघून हसली. “आजी” म्हणाली आणि पुढे थांबली. शब्द शोधत होती. आठवला पण असेल, पण आईकडे बघितलं आणि गिळून टाकला.

मी मंजिरीला विचारलं, घरात बोलताय ना तिच्याशी? तर मंजिरीने कॅमेरा फिरवला, दुसऱ्या खोलीत गेली, दार लावलं, मग बोलली. “आई, मला भीती वाटते. तोंडातून कोणता शब्द निघेल आणि त्याचा कोण काय अर्थ काढेल! शाळेत पोर काही बोलली तर? मी आता तिच्याशी कमीच बोलते.” मी म्हटलं, म्हणजे कसं? पण थोड्या वेळाने मला दिसलंच. दोघी जेवायला बसल्या होत्या, फोन समोर टेकवलेला होता. मंजिरीने ताटाकडे बोट केलं. मग ग्लासाकडे. मग पोरीची बाही वर सरकव म्हणून स्वतःच्या मनगटावर हात फिरवून दाखवला. पोरीने बाही सरकवली. पूर्ण जेवण होईपर्यंत त्या घरात आईच्या तोंडून एक शब्द निघाला नाही.

हे मी आधी एकदा बघितलेलं आहे, दादा. तू पण बघितलं आहेस, तुला तेव्हा कळलं नव्हतं एवढंच.

मी रोज फोन करते, पण माझं काय, मी आजी, मी बोलणारच. मंजिरीला वाटतं, आईंना काय समजतंय तिकडचं. तिला भरोसा वाटेल असं एकच माणूस आहे. ज्याने जजसमोर सांगितलं की ती बरोबर बोलली. तू आपल्या बोलीत बोलतोस आणि कोणी काही करत नाही, हे तिने कानाने ऐकायला पाहिजे. रविवारी त्यांना सुट्टी असते. तू फोन कर. तिला म्हण, मंजिरी, पोरीला दे. आणि पोरीशी बोल, मंजिरी शेजारी असताना. कोथिंबिरीची वाटी सांग, आई तुला मागायला कशी धाडायची ते सांग. पाढे म्हणून घे. ती शिक्षा आपल्या घरची आहे, ती बंद पडता कामा नये.

सवयीने काही सुधारायला जाशील, म्हणून आधीच लिहून ठेवते. पोर ‘सब्जी’ म्हणेल, ‘बिजली गेली’ म्हणेल. म्हणू दे. आणि तुझ्याही तोंडात येईल ते येऊ दे. लहानपणी येत होतं, कोटात बसून कंप्युटरसमोर पण आलं, म्हणजे अजून आत आहे.

माझी शपथ फक्त मी तुझ्याशी बोलायची नाही अशी होती. रविवारी त्यांचा फोन झाला की माझा पण लाव. मी उचलीन. पहिल्यांदा तू बोल.

पण पहिला फोन पोरीला. आणि दादा, हात जोडते, तिच्याशी शुद्ध बोलू नकोस.

तुझी
इंदु